दहाच्या जागी सात : ब्रँडेड कॉम्प्युटरवर जुनी विंडोज कशी टाकायची

विंडोज टाकायला अर्धा-पाऊण तास पुरतो. त्याआधीच्या तयारीला मात्र एक अख्खी संध्याकाळ द्या. जुनी विंडोज टाकायला गेले आणि अडकले, अशी जी मशीन माझ्यापर्यंत आली, त्यांतल्या बहुतेकांची गोष्ट एकच होती : आधी डिस्क पुसली आणि मग विचार केला.

असेंबल केलेल्या कॉम्प्युटरचं बरं असतं. मदरबोर्ड कुठला, ग्राफिक्स कार्ड कुठलं, हे ज्याने जोडलं त्याला ठाऊक असतं. ब्रँडेड मशीनमध्ये कंपनी एकाच मॉडेलच्या नावाखाली कधी एका कंपनीचं वाय-फाय कार्ड बसवते, कधी दुसऱ्या. डिस्कच्या एका कोपऱ्यात मूळ विंडोज परत आणण्यासाठी लपवलेलं रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा राखलेला भाग, असतं. बायोसमधले (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या, मशीनच्या मूळ सेटिंगच्या प्रोग्रॅममधले) पर्याय कमी केलेले असतात आणि त्यांना नावंही कंपनीची स्वतःची. म्हणून कुठल्याही कॉम्प्युटरसाठी लिहिलेल्या पायऱ्या ब्रँडेड मशीनवर निम्म्यात थांबतात.

हा लेख विंडोज ८ किंवा १० सह घेतलेल्या घरगुती कॉम्प्युटरवर विंडोज ७ टाकण्याबद्दल आहे. एक्सपीबद्दलही पुढे थोडं लिहिलं आहे. सगळे शब्द देवनागरीत असले, तरी कमांड मशीनवर टाइप करताना इंग्रजी अक्षरांतच करायच्या.

आधी ठरवा : खरंच टाकायची का?

विंडोज ७ बाजारात आली २२ ऑक्टोबर २००९ ला, आणि १४ जानेवारी २०२० ला मायक्रोसॉफ्टने तिचे सर्वसामान्य सुरक्षा अपडेट थांबवले. क्रोमची १०९ ही सातवर चालणारी शेवटची आवृत्ती. म्हणजे बँकेचे व्यवहार, ईमेल, रोजचं इंटरनेट यासाठी हे मशीन वापरायचं असेल तर मी स्पष्ट सांगेन, टाकू नका. मशीन हळू चालतं हे कारण असेल तर साधी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. बहुतेकांचं समाधान तिथेच होतं.

एखादाच जुना प्रोग्रॅम चालवायचा असेल, तर व्हर्च्युअल मशीन हा सर्वांत शहाणा मार्ग. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये विंडोज ७ एका खिडकीत चालते, मूळ विंडोजला धक्का लागत नाही, आणि बिघडली तर ती फाइल पुसून पुन्हा करता येते.

मग प्रत्यक्ष मशीनवर जुनी विंडोज कुणाला लागते? ज्याच्याकडे एखादं यंत्र आहे त्याला. उत्तम अवस्थेतला स्कॅनर, ज्याचा ड्रायव्हर (विंडोजला ते यंत्र चालवता यावं म्हणून लागणारा छोटा प्रोग्रॅम) कंपनीने सातपुढे काढलाच नाही. कॉम्प्युटरच्या आत बसवलेलं साउंड किंवा कॅप्चर कार्ड. पॅरलल पोर्टला लावायचा डोंगल (प्रोग्रॅमचं लायसन्स तपासणारी छोटी डबी). अशी चालती यंत्रं टाकून देणं मलाही पटत नाही. अशा कामासाठी टाका, आणि ते मशीन त्या कामापुरतंच ठेवा, इंटरनेटला न जोडता.

३२ बिट की ६४ बिट, हेही इथेच ठरतं. मशीनमध्ये ४ जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर ६४ बिट, कारण घरगुती ३२ बिट विंडोज त्यापलीकडे बघत नाही. पण तुमचा प्रोग्रॅम विंडोज ३.१ च्या काळातला, १६ बिटचा असेल, तर ६४ बिट विंडोजवर तो उघडणारच नाही. तिथे ३२ बिटच हवी. यंत्राचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा असेल तरी तेच.

लायसन्सचं थोडक्यात सांगतो. मशीनसोबत आलेली विंडोज ८ किंवा १० ची प्रो आवृत्ती असेल तर लायसन्सच्या अटींनुसार विंडोज ७ प्रोफेशनलवर उतरता येतं. होम आवृत्तीला तो हक्क नाही, तिथे सातचं वेगळं लायसन्स लागतं. कुणीतरी ‘सगळं तयार करून’ दिलेली आयएसओ फाइल (अख्ख्या डीव्हीडीची नक्कल असलेली फाइल) मात्र वापरू नका, तिच्यात काय घातलंय हे बाहेरून दिसत नाही. सर्व्हिस पॅक १ असलेली मूळ डीव्हीडी किंवा तिचीच इमेज घ्या.

मशीनला सात झेपेल का?

झेपण्याचा प्रश्न वेगाचा नाही, मशीन किती नवीन आहे याचा आहे. प्रोसेसरचं नाव बघा. इंटेलच्या कोअर आय५-४२१० मध्ये जोडरेषेनंतरचा पहिला आकडा ४, म्हणजे चौथी पिढी. पाचव्या पिढीपर्यंत काम सरळ होतं. सहाव्या पिढीपासून, म्हणजे २०१५ पासून, यूएसबीची मोठी अडचण येते. ती पुढे सविस्तर लिहितो. सातव्या पिढीला आणि एएमडीच्या रायझनला मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ वर पाठिंबाच दिला नाही. त्यावर सात चालवणारे लोक आहेत, पण नवख्याने तिथून सुरुवात करू नये.

दुसरी गोष्ट बायोसची. विंडोज ७ ला जुन्या पद्धतीच्या बूटची, म्हणजे मशीन सुरू होण्याची, सोय लागते. बायोसमध्ये ‘लेगसी’ किंवा ‘सीएसएम’ असा पर्याय असेल तर पुढे चला. तो अजिबात नसेल तर इथेच थांबा आणि व्हर्च्युअल मशीनकडे वळा.

परतीची वाट आधी बांधा

माझ्या मावसभावाचा लॅपटॉप माझ्या हातून अडकला होता. इन्स्टॉल करताना डिस्कवर पाच पार्टिशन दिसली, त्यांतल्या कशाचीच ओळख पटेना, म्हणून मी सगळी डिलीट केली. सात व्यवस्थित बसली. नंतर कळलं की त्याच्या वाय-फाय कार्डाचा सातसाठी ड्रायव्हरच निघालेला नव्हता, आणि परत जायला जे रिकव्हरी पार्टिशन होतं ते मीच पुसलं होतं. त्याचं काम तीन आठवडे खोळंबलं. तेव्हापासून पुढच्या गोष्टी झाल्याशिवाय मी कुणाच्या डिस्कला हात लावत नाही.

शक्य असेल तर मूळ डिस्क काढून ठेवा आणि नवी साधी साटा (डिस्क जोडायची जुनी, रुळलेली पद्धत) एसएसडी बसवून तिच्यावर सात टाका. माझ्या मते सगळ्या लेखातला हा सर्वांत मोलाचा सल्ला आहे. फॅक्टरीतून आलेली विंडोज, तिचं रिकव्हरी पार्टिशन, तुमच्या फाइली, सगळं जसंच्या तसं राहतं. काही फसलं तर चार स्क्रू काढून डिस्क परत लावली की झालं. मशीनमध्ये एनव्हीएमई प्रकारची, च्युइंगमच्या पट्टीसारखी चपटी डिस्क असेल तर लक्षात घ्या, विंडोज ७ तिला मुळात ओळखत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचा केबी२९९०९४१ हा हॉटफिक्स (दुरुस्तीची छोटी फाइल) इन्स्टॉलच्या फाइलींत मिसळावा लागतो. साटा एसएसडीला असलं काही लागत नाही.

डिस्क बदलता येत नसेल तर रिकव्हरीचा पेन ड्राइव्ह बनवा. स्टार्टमध्ये ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ शोधा, सिस्टीम फाइलींचा बॅकअप घेण्याच्या पर्यायावर खूण ठेवा, आणि निदान १६ जीबीचा, शक्यतो ३२ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह द्या. त्यावरचं सगळं पुसलं जातं. बनल्यावर त्यावरून मशीन एकदा बूट करून बघा, निदान रिकव्हरीची पहिली खिडकी येईपर्यंत. न तपासलेल्या बॅकअपवर विसंबून डिस्क पुसू नये.

तुमच्या फाइली वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर घ्याच. फोटो आणि कागदपत्रं आठवतात. राहतात ते डेस्कटॉपवरचे फोल्डर, ब्राउझरमधले पासवर्ड आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, कारण तो बरेचदा सी ड्राइव्हमध्ये त्या सॉफ्टवेअरच्याच फोल्डरात असतो.

सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा बिटलॉकर (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का तेही बघा. अनेक ब्रँडेड लॅपटॉपांत मालकाला पत्ता नसताना ते चालू असतं. बायोसमधली सेटिंग बदलली की मूळ विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागते. एक तर आधी बंद करा, नाहीतर ती की कागदावर उतरवून घ्या.

विंडोज ८ पासूनच्या मशीनवर विंडोजच्या लायसन्सची की छापलेला स्टिकर नसतो. ती मदरबोर्डमध्येच साठवलेली असते, त्यामुळे तीच आवृत्ती पुन्हा टाकताना की आपोआप वाचली जाते. त्याची काळजी नको.

ड्रायव्हर : आत्ताच, नवी विंडोज जिवंत असताना

कंपनीच्या सपोर्ट पानावर मॉडेलच्या नावाने शोधू नका. मशीनच्या पोटाशी चिकटवलेल्या पट्टीवरचा नेमका क्रमांक टाका : डेलवर सर्व्हिस टॅग, एचपीवर प्रॉडक्ट नंबर, लेनोव्होवर मशीन टाइप. घरगुती मॉडेलच्या पानावर बहुधा फक्त विंडोज १० चे ड्रायव्हर मिळतील. तिथे एक युक्ती कामाला येते. त्याच कंपनीचं, त्याच वर्षाचं, त्याच पिढीच्या प्रोसेसरचं ऑफिससाठीचं मॉडेल शोधा. डेलचं लॅटिट्यूड, एचपीचं प्रोबुक, लेनोव्होचं थिंकपॅड. ऑफिसांनी सात बरीच वर्षं सोडली नाही, म्हणून त्या मॉडेलांसाठी सातचे ड्रायव्हर निघत राहिले; आतल्या चिप पुष्कळदा सारख्याच असतात.

सारख्या आहेत की नाही हे अंदाजाने ठरवायचं नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडा, उपकरणावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, मग यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’. तिथे एक लांब ओळ दिसते. ‘व्हेन’ या अक्षरांपुढचे चार आकडे म्हणजे चिप बनवणारी कंपनी : ८०८६ इंटेल, १०डीई एनव्हिडिया, १००२ एएमडी, १०ईसी रिअलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अॅथरॉस. ‘डेव्ह’ पुढचे चार आकडे म्हणजे नेमकी चिप. ग्राफिक्स, लॅन (केबलचं नेटवर्क), वाय-फाय, साउंड, इतक्यांच्या या ओळी लिहून ठेवा किंवा मोबाइलवर फोटो काढा. नंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी चिन्हं दिसू लागली की हाच फोटो उपयोगी पडेल.

सगळं एका पेन ड्राइव्हवर ‘०१ चिपसेट’, ‘०२ यूएसबी ३’, ‘०३ लॅन’ अशा क्रमाच्या फोल्डरांत ठेवा (चिपसेट म्हणजे मदरबोर्डवरची मुख्य चिप). काहीही राहिलं तरी चालेल, पण लॅन किंवा वाय-फाय यांपैकी एकाचा ड्रायव्हर हवाच, कारण तो असला की बाकीचे नंतर उतरवता येतात. दोन अपडेटही आत्ताच घेऊन ठेवा : केबी४४९०६२८ आणि केबी४४७४४१९. त्यांचं काम पुढे कळेल.

मूळ विंडोज अजून चालू आहे तोवर बायोसचा अपडेट असेल तर तो करून टाका. कंपन्या तो बरेचदा विंडोजमधून चालणाऱ्या फाइलच्या रूपात देतात.

पेन ड्राइव्ह आणि गोठलेला माउस

रुफस या प्रोग्रॅमने विंडोज ७ च्या आयएसओमधून बूट होणारा पेन ड्राइव्ह बनतो. पार्टिशन स्कीममध्ये ‘एमबीआर’ (डिस्कवरच्या पार्टिशनांची नोंद ठेवायची जुनी पद्धत) आणि टार्गेटमध्ये ‘बायोस’ निवडा. पाचव्या पिढीपर्यंतच्या मशीनला एवढं पुरतं. फक्त पेन ड्राइव्ह निळ्या पोर्टात न लावता काळ्या, यूएसबी २ च्या पोर्टात लावा.

सहाव्या पिढीवर काय होतं ते सांगतो. पेन ड्राइव्हवरून मशीन बूट होतं. काळ्या स्क्रीनवर फाइली लोड होण्याची पट्टी सरकते, चार रंगांचं चिन्ह उजळतं, भाषा निवडायची खिडकी येते. तुम्ही माउस हलवता, बाण जागचा हलत नाही. कीबोर्डचं टॅब दाबता, काही होत नाही. माउसखालचा लाल दिवासुद्धा विझलेला असतो. आत्ता दोन मिनिटांपूर्वी याच कीबोर्डने बायोसमध्ये फिरला होतात, म्हणून कीबोर्ड बिघडल्याचा संशय येतो. तो बिघडलेला नसतो. बायोसमध्ये असताना कीबोर्ड बायोस सांभाळतं. विंडोजचा गाभा लोड झाला की ती जबाबदारी विंडोजकडे जाते, आणि सातकडे यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही. आधीच्या पिढ्यांत चिपसेटमध्ये यूएसबी २ चा वेगळा कंट्रोलर असायचा. सहाव्या पिढीत इंटेलने तो काढून टाकला, म्हणून काळं पोर्टही आता यूएसबी ३ च्याच कंट्रोलरला जोडलेलं असतं.

लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड बहुधा आतून जुन्या पीएस/२ पद्धतीने जोडलेला असतो, म्हणून तो चालतो. पण तिथेही पुढे ‘सीडी/डीव्हीडी ड्राइव्हचा आवश्यक ड्रायव्हर सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. मशीनमध्ये सीडी ड्राइव्ह नसला तरी येतो. कारण तेच : सेटअपला आता स्वतःचा पेन ड्राइव्हच दिसत नाही.

उपाय म्हणजे यूएसबी ३ चा ड्रायव्हर इन्स्टॉलच्या फाइलींत आधीच मिसळणं. गिगाबाइट आणि अॅसरॉक या मदरबोर्ड कंपन्यांनी त्यासाठी छोटे प्रोग्रॅम काढले होते, आणि एनटीलाइट या प्रोग्रॅममध्येही हे माउसने करता येतं. कुठलंही साधन घ्या, पण एक गोष्ट तपासा. ड्रायव्हर दोन ठिकाणी जायला हवा. पेन ड्राइव्हवरच्या ‘सोर्सेस’ फोल्डरात बूट.विम नावाची फाइल आहे, तिच्यातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या इमेजमधून सेटअप चालतो, आणि इन्स्टॉल.विम आहे, जिच्यातून प्रत्यक्ष विंडोज डिस्कवर उतरते. फक्त पहिलीत घातला तर इन्स्टॉल पार पडतं आणि पहिल्या डेस्कटॉपवर माउस पुन्हा गोठतो. डेस्कटॉप मशीनच्या मागे गोल पीएस/२ पोर्ट असेल तर जुना कीबोर्ड हाताशी ठेवा.

बायोसमधले बदल

मशीन सुरू करताना डेलवर एफ२, एसरच्या लॅपटॉपवर एफ२, एचपीवर एस्केप आणि मग एफ१०, आसुसच्या लॅपटॉपवर एफ२. लेनोव्होच्या आयडियापॅडवर कडेला एक बारीक नोव्हो बटन असतं. मशीन बंद असताना टाचणीने ते दाबलं की मेनू येतो. मूळ विंडोजमधून बाहेर पडताना ‘शट डाउन’ न करता ‘रिस्टार्ट’ करा, म्हणजे फास्ट स्टार्टअपमुळे की हुकणार नाही.

बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. मग :

१. सिक्युअर बूट (मान्यता नसलेलं सॉफ्टवेअर बूट होऊ न देणारी सोय) बंद करा. एसरच्या काही मशीनवर हा पर्याय फिकट दिसतो आणि बदलता येत नाही. आधी सुपरवायझर पासवर्ड ठेवला की तो खुला होतो. तो पासवर्ड लिहून ठेवा. एचपीवर बदल केल्यावर पुढच्या वेळी चार आकडी कोड दिसतो, तो टाइप करून एंटर केल्याशिवाय बदल लागू होत नाही. तो न बघता अनेक जण पुढे जातात आणि सेटिंग टिकत नाही म्हणून वैतागतात.

२. लेगसी किंवा सीएसएम चालू करा. डेलवर ‘लेगसी ऑप्शन रॉम्स’ नावाची आणखी एक खूण करावी लागते.

३. साटाचा प्रकार (मशीनची डिस्कशी बोलायची पद्धत) ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’ असेल तर ‘एएचसीआय’ करा. मूळ विंडोज त्याच डिस्कवर अजून हवी असेल तर थांबा; हा बदल केल्यावर ती बूट होणार नाही, पण सेटिंग पूर्ववत केलं की पुन्हा होईल.

बूट मेनूसाठी डेल, लेनोव्हो आणि एसरवर एफ१२, एचपीवर एफ९, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर बरेचदा बूट मेनू आधी बायोसमधून चालू करावा लागतो.

इन्स्टॉल

हा भाग खरोखर सोपा आहे. भाषा, ‘इन्स्टॉल नाऊ’, अटी मान्य, मग दोन पर्यायांतला खालचा, ‘कस्टम’.

आता डिस्कची यादी येईल. नवी कोरी डिस्क असेल तर मोकळी जागा निवडून नेक्स्ट. जुनीच डिस्क असेल तर बहुधा खाली संदेश येईल की डिस्क जीपीटी (नव्या) पद्धतीची आहे, तिच्यावर विंडोज टाकता येत नाही. जुन्या पद्धतीच्या बूटला एमबीआर डिस्क लागते. हे रूपांतर करताना डिस्कवरचं सगळं जातं, रिकव्हरी पार्टिशनसकट. बॅकअप तपासलेला नसेल तर मशीन इथेच बंद करा, अजून काहीही बिघडलेलं नाही.

तपासलेला असेल तर शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी उघडेल. तिथे ‘डिस्कपार्ट’ टाइप करा, मग ‘लिस्ट डिस्क’. यादीतल्या आकारावरून आपली डिस्क ओळखा. पेन ड्राइव्हही याच यादीत असतो आणि बाहेरची बॅकअपची डिस्क जोडलेली असेल तर तीही. ती आत्ता जोडलेली नसावीच. मग ‘सिलेक्ट डिस्क ०’, शून्याच्या जागी तुमचा क्रमांक. पुन्हा एकदा ‘लिस्ट डिस्क’ करून तारा कुठल्या ओळीपुढे आलाय ते बघा. मग ‘क्लीन’, मग ‘कन्व्हर्ट एमबीआर’, मग दोनदा ‘एक्झिट’. यादी रिफ्रेश केली की सगळी जागा मोकळी दिसेल. डिस्क २ टीबीपेक्षा मोठी असेल तर एमबीआरमध्ये त्यावरची जागा वापरता येत नाही.

सुरुवातीला विंडोज स्वतःसाठी १०० एमबीचं एक छोटं पार्टिशन करेल, ते राहू द्या. फाइली उतरल्यावर मशीन रिस्टार्ट होतं. या वेळी बूट मेनूची की दाबू नका, नाहीतर पेन ड्राइव्हवरून सगळं पहिल्यापासून सुरू होतं. युजरनेम इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवा. देवनागरी नावामुळे तयार होणारा फोल्डरचा पत्ता पुष्कळ जुन्या प्रोग्रॅमना वाचता येत नाही. अपडेटचं विचारल्यावर ‘नंतर विचारा’ निवडा.

पहिला डेस्कटॉप

अक्षरं मोठी, चित्र ताणलेलं, आवाज नाही, इंटरनेट नाही. घाबरू नका, असंच असतं.

सर्वांत आधी ते दोन अपडेट चालवा, पहिलं केबी४४९०६२८, मग केबी४४७४४१९, आणि रिस्टार्ट. विंडोज ७ ला मुळात एसएचए-२ पद्धतीची डिजिटल सही नीट तपासता येत नाही, आणि नंतरच्या काळातले ड्रायव्हर आणि अपडेट त्याच सहीने येतात. हे केलं नाही तर काही ड्रायव्हर बसल्यासारखे वाटतात, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कोड ५२’ दिसतो. विंडोज अपडेटही सर्व्हरला जोडलं जात नाही.

मग चिपसेट, रिस्टार्ट, यूएसबी ३, ग्राफिक्स, लॅन आणि वाय-फाय, साउंड, टचपॅड, शेवटी कार्ड रीडर. लॅनचा ड्रायव्हर चुकीचा निघाला तर अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, सात त्याला बहुतेक वेळा स्वतःच ओळखते.

पिवळ्या चिन्हांची नावं फसवी असतात. ‘पीसीआय सिम्पल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’ म्हणजे इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन. ‘एसएम बस कंट्रोलर’ म्हणजे चिपसेटचा ड्रायव्हर बसलेला नाही. ‘नेटवर्क कंट्रोलर’ म्हणजे वाय-फाय आणि ‘इथरनेट कंट्रोलर’ म्हणजे लॅन. ‘बेस सिस्टीम डिव्हाइस’ बहुधा कार्ड रीडर. नुसतं ‘अननोन डिव्हाइस’ असेल तर हार्डवेअर आयडी बघा. एचपीच्या लॅपटॉपवर ‘एचपीक्यू०००४’ दिसला, तर तो लॅपटॉप पडताना हार्ड डिस्क वाचवणारा सेन्सर. एसएसडी असेल तर तसाच सोडला तरी चालतो.

ड्रायव्हरचा सेटअप ‘ही विंडोज चालणार नाही’ म्हणून नाकारत असेल, तर ती फाइल सेव्हन-झिपने उघडून आतला मजकूर एका फोल्डरात काढा. मग डिव्हाइस मॅनेजरमधून ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउझ’, आणि तो फोल्डर दाखवा. आत त्या चिपसाठी सातचा ड्रायव्हर असेल तर विंडोज स्वतः उचलते. नाकारणारा फक्त वरचा सेटअप होता, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

एक्सपी हवी असेल तर

व्हिस्टा किंवा सातच्या काळातल्या मशीनवर एक्सपी टाकताना एक अडथळा हमखास येतो : निळी स्क्रीन, आणि खाली शेवटी ७बी असलेला स्टॉप कोड. एक्सपीकडे एएचसीआयचा ड्रायव्हर नाही, म्हणून तिला डिस्क दिसत नाही. बायोसमध्ये साटाचा प्रकार ‘आयडीई’ किंवा ‘कम्पॅटिबल’ केला की ती पुढे जाते. तो पर्याय नसेल तर एनलाइट या प्रोग्रॅमने ड्रायव्हर मिसळून नवी सीडी बनवावी लागते. सर्व्हिस पॅक ३ ची सीडी घ्या. मराठी अक्षरं तुटक दिसली तर कंट्रोल पॅनेलच्या रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’वर खूण करा, सीडी तेव्हा पुन्हा लागते.

काम झाल्यावर

यंत्र जोडा, त्याचा प्रोग्रॅम टाका, आणि ज्यासाठी हे सगळं केलं ते एक काम पूर्ण करून बघा. स्कॅनर असेल तर एक पान स्कॅन होऊन सेव्ह होईपर्यंत. ते जमलं की लगेच ‘बॅकअप अँड रिस्टोअर’मध्ये जाऊन ‘क्रिएट अ सिस्टीम इमेज’ने बाहेरच्या डिस्कवर इमेज घ्या. पुढे काही बिघडलं तर या सगळ्या पायऱ्या पुन्हा कराव्या लागणार नाहीत. त्यानंतर लॅनची केबल काढा, वाय-फाय बंद करा. फाइली पेन ड्राइव्हने न्या-आणा, आणि दुसऱ्या मशीनवर त्या उघडण्याआधी तिथल्या अँटिव्हायरसने तपासा.

काढलेली मूळ डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवा आणि वर चिठ्ठी चिकटवा : मशीनचं मॉडेल, काढल्याची तारीख, बिटलॉकरची की घेतली असेल तर ती कुठे ठेवली आहे, बायोसचा पासवर्ड ठेवला असेल तर तो कुठे लिहिला आहे, आणि बायोसच्या जुन्या सेटिंगचे फोटो कुठे आहेत. परत जायची वेळ आली तर डिस्क लावा, फोटो बघून साटाचा प्रकार पूर्वीचा करा, लेगसी बंद करा, सिक्युअर बूट चालू करा, आणि मगच मूळ विंडोज सुरू करा. हा क्रम पाळला की ती शक्यतो बिटलॉकरची की न मागताच उघडते.